आधी कुसू, मग वाडगा

लेथवर लाकडाचा वाडगा कातायला शिकणारा माणूस पहिली चौकशी करतो ती हत्यारांची. गाऊज कोणता घ्यावा, त्याला धार किती अंशांची लावावी, पॉलिशला मेण बरं की तेल, यावर तो तासन्‌तास बोलू शकतो. लाकूड लेथला धरायचं कसं, हा प्रश्न मात्र त्याला किरकोळ वाटतो. चक विकत मिळतो, चकाला जबडे असतात, जबडे आवळले की काम झालं, अशी त्याची समजूत असते. ही समजूतच सर्वांत धोक्याची आहे. हत्याराने बोट कापतं, भुसा डोळ्यात जातो, सैल बाही अडकते. या गोष्टी वाईट आहेतच. पण वाडगा कातणाऱ्याच्या जिवावर बेततं ते बहुधा फिरतं लाकूड सुटून तोंडावर आल्यामुळे. म्हणून इथे एकच गोष्ट मांडायची आहे. लाकूड किती घट्ट धरायचं हे सुरळीत चाललेल्या कापावरून ठरवू नये. हत्यार अचानक लाकडात रुतेल त्या एका क्षणाचा हिशोब धरून ते ठरवावं, आणि तो हिशोब ओंडका फोडतानाच करावा. जबडे आवळण्याच्या वेळी तो करायला घेतला तर बहुतेक निर्णय हातातून निसटलेले असतात.

यावर आपल्याकडे लगेच येणारा आक्षेप असा, की कातकाम आपल्याला नवं नाही. लाकूड कातणाऱ्याला मराठीत कातारी हा स्वतंत्र शब्द आहे, आणि ‘कातीव’ हे विशेषण तर आपण माणसाच्या बांध्यालाही लावतो. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी, शेजारच्या कर्नाटकात चन्नपट्टणची खेळणी, पाळण्याचे खूर, पोळपाटाशेजारचं लाटणं, सगळं लेथवरचं. त्या कारागिरांनी एवढा हिशोब कधी केला, असं कोणी विचारेल. केला होता, फक्त कागदावर नाही. जुन्या दोरीच्या किंवा कमानीच्या लेथवर लाकूड दोन टोकदार खिळ्यांच्या मध्ये धरलेलं असतं, म्हणजे त्याला दोन्हीकडून आधार असतो. लाटणं किंवा बाहुली फांदीच्या लांबीत कातली जाते, त्यामुळे लाकडाच्या रेषा फिरण्याच्या अक्षाबरोबर समांतर धावतात. जाडी दोन-तीन इंच, वजन पाव-अर्धा किलो. वाडग्यात या तिन्ही गोष्टी उलट होतात. आत कोरायचं म्हणजे एक बाजू मोकळी सोडावी लागते, व्यास दहा-बारा इंच होतो, आणि रेषा अक्षाला आडव्या येतात. लाटणं कातणाऱ्याचा अनुभव कितीही दांडगा असला तरी तो वाडग्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, याचं कारण कौशल्यात नाही, लाकडाच्या दिशेत आहे.

आकडे मांडून पाहू. बारा इंच म्हणजे सुमारे 300 मिलिमीटर व्यासाचा आणि पाच इंच जाडीचा ओल्या आंब्याचा गोल ठोकळा आठ किलोच्या आसपास भरतो. तो मिनिटाला 1000 फेरे घेत असेल तर त्याची कड सेकंदाला जवळजवळ 16 मीटर, म्हणजे ताशी 56 किलोमीटरने धावत असते. फिरण्यामुळे त्याच्यात साठलेली ऊर्जा 500 जूलच्या जवळ जाते. तेवढी ऊर्जा त्याच ठोकळ्याला सहा मीटर उंचीवरून खाली सोडलं तर मिळते, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून. फेरे निम्मे, म्हणजे 500 केले की ऊर्जा निम्मी होत नाही, पाव होते. तीच गोष्ट आता दीड मीटरवरून पडल्यासारखी. वेग दुप्पट की ऊर्जा चौपट हा शाळेतलाच नियम आहे, पण लेथच्या वेगाच्या बटणाकडे पाहताना तो सहसा आठवत नाही, कारण बटण तर सरळ रेषेत वाढत जातं.

हे सगळं सावरून धरलेलं असतं ते लाकडाच्या एका लहानशा गोल उंचवट्याने. सुतारकामात खाचेत बसणाऱ्या अशा भागाला कुसू म्हणतात, तोच शब्द इथेही चालेल. वाडग्याच्या बुडाशी कुसू कातायचा आणि चकाच्या चार जबड्यांनी तो पकडायचा, ही आजची रूढ पद्धत. समजा कुसू 60 मिलिमीटर व्यासाचा आहे आणि हत्यार 300 मिलिमीटरच्या कडेला रुतलं. कड अक्षापासून 150 मिलिमीटरवर आणि कुसूची कड 30 मिलिमीटरवर. कडेवर जो जोर बसला त्याच्या पाचपट जोर जबडे आणि लाकूड यांच्या स्पर्शावर येतो. शिवाय वाडग्याचं तोंड चकापासून चार-पाच इंच बाहेर असतं, म्हणून तोच धक्का कुसूला एका बाजूने उपटूही पाहतो. आता रेषेची गोष्ट आठवा. वाडग्यात तंतू अक्षाला आडवे असतात, म्हणजे कुसू जिथे वाडग्याला चिकटलेला असतो ती पातळी नेमकी तंतूंच्या दिशेत असते. कुऱ्हाडीचा घाव रेषेवर बसला की ढलपी सहज उडते, तसा कुसू मुळाशी उडतो. लाकडाची सर्वांत दुबळी दिशा आणि आपल्या जोडाची सर्वांत ताणाची जागा एकच असते. ही अडचण चांगला चक घेऊन सुटत नाही. महागड्या चकाच्या जबड्यात कुसू जागच्या जागी घट्ट राहतो, आणि वाडगा त्याला सोडून निघून जातो.

म्हणून पहिली निवड लाकडाची. खोडाची वलयं जिथे मध्यबिंदूशी मिळतात तो गाभ्याचा बिंदू वाडग्यात ठेवू नये. वाळताना तडे तिथूनच चांदणीसारखे बाहेर पसरतात. ओंडका त्या बिंदूतून उभा फाडायचा आणि दोन्ही अर्ध्यांवरून त्या बाजूची इंचभर पट्टी काढून टाकायची. ज्या टोकाला ओंडका उघडा पडून वाळला तिथले दोन-तीन इंचही सोडून द्यावेत, कारण टोकाच्या भेगा बाहेरून दिसतात त्याहून आत गेलेल्या असतात. साल काढली नसेल तर तीही संशयास्पद. वाळत आलेली साल लाकडापासून सुटते आणि फिरताना अख्खी पट्टी उडते. आंबा, शिरीष, फणस ही आपल्याकडे सहज मिळणारी झाडं. यांतला पावसात पडून राहिलेला आंबा दिसायला देखणा होतो. बुरशीच्या काळ्या रेघांनी त्यावर नकाशे उमटतात. पण तीच बुरशी लाकूड भुसभुशीत करते. नखाने दाबून पाहावं, खिळ्याच्या टोकाने टोचून पाहावं, लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. सलग लाकूड टणत्कारतं, फुटलेलं बद्द वाजतं. आक्षेप असा येतो, की भेगेत सुपरग्लू ओतला की काम भागतं. बारीक केसासारख्या चिरेत, पॉलिश बिघडू नये म्हणून, ग्लू ओतायला हरकत नाही. पण तो ठिसूळ असतो, धक्का सोसत नाही, आणि भेग किती खोल गेली हे आपल्याला ठाऊक नसतं. आरपार किंवा कुसूपर्यंत पोचणारी भेग असेल तर तो ठोकळा चुलीसाठी. हे वाक्य कठोर वाटेल, आणि शिसवीचा तुकडा हातात असेल तर जास्तच. तरी ते मऊ करण्याचं कारण दिसत नाही.

ठोकळा निवडला, बँडसॉने शक्य तितका गोल केला, की तो पहिल्यांदा लेथवर चढतो. कुसू अजून नसल्यामुळे इथे चकाचे जबडे उपयोगाचे नाहीत. तीन मार्ग आहेत. एक, दोन्ही केंद्रांच्या मध्ये: हेडस्टॉकच्या, म्हणजे फिरवणाऱ्या टोकाच्या, बाजूला दातेरी सेंटर, टेलस्टॉकच्या, म्हणजे समोरच्या आधाराच्या, बाजूला लाकडाबरोबर फिरणारं लाइव्ह सेंटर. दातेरी सेंटर सालीवर टेकवायचं नाही, साल घसरते. तिथे मोठ्या बिटाने सालीतून पक्क्या लाकडापर्यंत खळगा करावा आणि दाते त्यात बसवावेत. दुसरा मार्ग चकातल्या मध्यस्क्रूचा. हा सोयीचा आहे, पण ठोकळ्याचा चेहरा सपाट रंधलेला असला पाहिजे आणि तो मिटलेल्या जबड्यांवर पूर्ण टेकला पाहिजे. हलत्या पाटाखाली जसा पुठ्ठा लावतात तसं काही करण्याचा मोह इथे नको. टेकलं नाही तर स्क्रू प्रत्येक फेऱ्यात स्वतःचं भोक थोडं थोडं मोठं करत राहतो. ठिसूळ लाकडात किंवा तंतूंच्या टोकाच्या बाजूने हा स्क्रू वापरूच नये. तंतूंच्या दिशेने आत गेलेला स्क्रू सहज ओढून निघतो.

तिसरा मार्ग फेसप्लेटचा, आणि मोठ्या किंवा वेड्यावाकड्या ठोकळ्यासाठी माझा कौल यालाच. जुना, कंटाळवाणा, पण भरवशाचा. लोखंडी ताटलीला भोकं असतात, त्या सगळ्या भोकांतून स्क्रू मारायचे; ‘चार पुरेत’ असं म्हणू नये. स्क्रू लाकडात निदान पाऊण ते एक इंच गेले पाहिजेत, आधी बारीक भोक पाडून, आणि जाड दांड्याचे. इथे एक चूक आपल्याकडे सर्रास होते. पेटीत पडलेले काळे जिप्सम स्क्रू उचलले जातात. ते कडक पाणी दिलेले असतात, भिंतीच्या बोर्डासाठी ठीक असतात, पण बाजूने धक्का बसला की वाकण्याऐवजी मानेशी तुटतात. एक तुटला की उरलेल्यांवर भार वाढतो आणि ते एकापाठोपाठ तुटतात. लाकडासाठीचे किंवा पत्र्यासाठीचे जाड स्क्रू वाकतात, कुरकुरतात, आणि त्या कुरकुरीतून इशारा देतात. स्क्रूंमुळे इंचभर लाकूड वाया जातं, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो खरा ठरतो फेसप्लेट चुकीच्या बाजूला लावली तर. वाडग्याच्या तोंडाच्या बाजूला लावा. बाहेरचा आकार आणि बुडाचा कुसू कातून झाला, ठोकळा उलटा करून चकात धरला, की स्क्रूंची भोकं नेमकी त्या भागात असतात जो भाग आपण कोरून भुशात टाकणार आहोत. फेसप्लेट काठाच्या फार जवळ जाणार नाही, एवढं बघावं लागतं.

आता कुसू. त्याच्या मापाविषयी सर्वसाधारण धोरण असं, की वाडग्याच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून पाचांतील दोन हिश्श्यांपर्यंत तो असावा. बारा इंचांच्या वाडग्याला म्हणजे चार ते पावणेपाच इंच. बहुतेकांकडे चकाबरोबर आलेले दोन इंचांचे जबडे असतात, आणि त्याच जबड्यात बारा इंचांचा वाडगा धरायचा हट्ट असतो. मोठे जबडे आणावेत किंवा तेवढ्या आकाराचं काम फेसप्लेटवर करावं. तिसरा सुरक्षित पर्याय नाही. जबडे पूर्ण मिटलेले किंवा फार उघडलेले असतील तर त्यांची कड वर्तुळ बनत नाही, चार कोपऱ्यांनीच लाकूड धरलं जातं. जवळजवळ मिटलेले, मध्ये एक-दोन मिलिमीटरची फट असताना बहुतेक जबड्यांचं वर्तुळ सर्वांत चांगलं जमतं, तेवढ्या मापाचा कुसू कातावा. लांबी दोन ते तीन सूत पुरे. लांब कुसू जास्त मजबूत असेल असं वाटतं खरं, पण तो चकाच्या तळाला टेकला तर सगळं फसतं. वाडग्याला खरा आधार कुसूच्या लांबीचा नसतो. कुसूभोवतीचा सपाट खांदा जबड्यांच्या तोंडावर बसतो त्याचा असतो. बाजूने धक्का आला की खांदा जबड्यावर रेटतो आणि वाडगा कलत नाही. कुसू तळाला टेकला की खांदा आणि जबडा यांच्यात फट राहते, आणि मग वाडगा एका काठीवर तोललेल्या ताटासारखा. म्हणून कुसू जबड्यांच्या खोलीपेक्षा थोडा आखूड, खांदा सपाट किंवा आतल्या बाजूला नखभर खोल, आणि दोघांचा कोपरा स्वच्छ. त्या कोपऱ्यात कातताना राहिलेला लहानसा गोलवा दिसत नाही, पण तेवढ्यानेही जबडा पूर्ण बसत नाही. जबड्यांचा आतला उतार जर तिरका असेल तर कुसूलाही तोच तिरकेपणा हवा. सरळ कुसू तिरक्या जबड्यात एका रेघेवरच धरला जातो.

कुसूऐवजी बुडाला खाच कोरून जबडे आतून पसरवण्याची पद्धतही आहे, आणि पसरट थाळीला ती शोभते, कारण नंतर काही काढावं लागत नाही. तिच्या बाजूने असं सांगतात की खाचेला तुटण्यासारखा उंचवटाच नसतो. हे खरं आहे. पण जबडे आतून बाहेर ढकलतात तेव्हा ते पाचरीचं काम करतात, आणि पाचर लाकूड कुठे फोडते हे लाकूडतोड्याला सांगावं लागत नाही. खाचेभोवती भरपूर लाकूड शिल्लक असेल, खोली दीड-दोन सूत असेल आणि आवळताना हात राखून आवळलं तर खाच चालते. जबड्यांना पाना लावून शेवटचा जोर देणाऱ्या स्वभावाच्या माणसाने कुसूच पत्करावा. कुसूत जबडे आत दाबतात, म्हणजे लाकूड मिटतं, फुटत नाही. अर्थात कुसूवरही अतिरेक नको. तंतू चिरडले की पकड सैलच होते.

टेलस्टॉकबद्दल सगळ्यांना पटतं आणि कोणी करत नाही, अशी स्थिती आहे. बाहेरचा आकार कातताना आणि आतला बराचसा भाग कोरतानाही टेलस्टॉक लावून ठेवता येतो. मध्ये एक लाकडाचा खांब सोडायचा, लाइव्ह सेंटर त्यावर टेकवायचं, भोवतीचं कोरून काढायचं, आणि खांब शेवटी काढायचा. तक्रार अशी, की तो कोपराला लागतो, हत्याराला जागा मिळत नाही, आणि काम कंटाळवाणं होतं. यातलं पहिलं आणि दुसरं खरं आहे. पण एका बाजूने धरलेलं आणि दोन्ही बाजूंनी धरलेलं लाकूड यांत फरक थोड्याफार घट्टपणाचा नाही. कुसू मुळाशी तुटला तरी टेलस्टॉक असेल तर ठोकळा जागच्या जागी खडखडतो, आणि बंद करायला वेळ मिळतो. नसेल तर तो हत्यार टेकवायच्या टूलरेस्टवर आदळून कुठेही जातो, बहुतेक वेळा वर आणि पुढे, म्हणजे काम करणाऱ्याच्या दिशेनेच. सावंतवाडीच्या जुन्या लेथवरचे दोन खिळे आपण सोडून दिले कारण आत कोरायचं होतं. जेव्हा कोरायचं नसतं तेव्हा दुसरा खिळा परत लावायला काय हरकत आहे?

वेगाबद्दलचा अंगठेनियम असा की व्यास इंचात घ्यावा, फेऱ्यांनी गुणावा, आणि गुणाकार 6000 ते 9000 च्या मध्ये ठेवावा. बारा इंचांना 500 ते 750 फेरे. पण हा आकडा गोल, तोललेल्या, सलग लाकडासाठी आहे. नुकत्याच चढवलेल्या ठोकळ्यासाठी तो लागू नाही, कारण त्याची एक बाजू जड असते. 12 सेंटिमीटर अंतरावर फक्त 100 ग्रॅम जास्त वजन असेल, तर 500 फेऱ्यांना ते साडेतीन किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढतं, 1000 ला साडेतेरा किलो, आणि 1500 ला तीस किलो. आणि हा जोर एका दिशेला नसतो. दर फेऱ्यात त्याची दिशा फिरते, म्हणजे मिनिटाला हजार वेळा कोणीतरी कुसू हलवून पाहत असल्यासारखं. लेथ थरथरतो तो याने. म्हणून सुरुवात लेथच्या सर्वांत कमी वेगाने, आणि वाढवायचा तो थरथर सुरू होते तिथपर्यंत, मग तिथून थोडा मागे. कमी वेगात काप खरबरीत येतो आणि जास्त वेगात गुळगुळीत, हा अनुभवी लोकांचा आक्षेप आहे, आणि तो चुकीचा नाही. पण ठोकळा गोल होईपर्यंत गुळगुळीतपणा कुणाला हवा असतो? पहिल्या वीस मिनिटांत पृष्ठभाग बिघडणारच; तो बिघडवायलाच आपण ते काम करतो. तो गोल झाल्यावर वेग सहज वाढवता येतो. धारच बोथट असेल तर मात्र वेग वाढवून काप सुधारत नाही, जोर वाढतो आणि हत्यार रुततं.

चक लेथच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, नीट बसतो का हेही पाहावं. स्पिंडलच्या आट्यांमध्ये भुसा अडकला असेल तर चकाची पाठ खांद्याला पूर्ण टेकत नाही, आणि मग चक फिरताना तिरका डुलतो. आटे ब्रशने झाडून, हाताने घट्ट फिरवून बसवायचा. उलट्या दिशेने लेथ चालवून पॉलिश करणाऱ्यांनी चकाचा छोटा कुलूपस्क्रू आवळल्याशिवाय ते करू नये, नाहीतर चक स्वतःच स्वतःला मोकळा करतो. इलेक्ट्रॉनिक ब्रेक लावून अचानक थांबवलेल्या जड ठोकळ्याच्या बाबतीतही हेच होतं.

ओल्या लाकडाची एक वेगळी गंमत आहे, आणि ती फसवी आहे. ओलं लाकूड मऊ असतं, जबडे त्यात सहज रुततात, पहिल्या मिनिटाला पकड एकदम भक्कम वाटते. दहा मिनिटांनी तंतू दबून पकड ढिली होते. म्हणून पाच-दहा मिनिटांनी लेथ थांबवून चावी पुन्हा फिरवावी, आणि हत्यार एकदा रुतलं तर त्यानंतर लगेच. रुतण्याच्या धक्क्याने कुसू जागेवरून सरकला असेल, किंवा त्याच्या मुळाशी केसाएवढी चीर पडली असेल. ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. अर्धवट कातलेला वाडगा चकात रात्रभर ठेवून सकाळी तिथून पुढे चालू करणारे पुष्कळ आहेत. रात्रीत कुसू आकसतो, आणि आडव्या-उभ्या रेषांत सारखा आकसत नाही, त्यामुळे लंबगोल होतो. सकाळी चार जबड्यांपैकी दोनच त्याला धरतात. जाडसर कातून, काही महिने वाळवून, मग पुन्हा कातायची पद्धत जे वापरतात त्यांनाही तेच लागू. वाळलेला वाडगा आधी दोन केंद्रांमध्ये धरून त्याचा कुसू पुन्हा गोल करावा, नंतरच चकात. हे एक पाऊल वाचवण्याच्या नादात फुटलेल्या वाडग्यांची संख्या कमी नसावी.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत सोयीचा: चेहऱ्यावर ढाल असते, मग इतका विचार कशाला. ढाल लावावीच, साध्या चष्म्यापेक्षा ती पुष्कळ बरी, आणि हनुवटीपर्यंत येणारी हवी. ढालीचं काम उडालेल्या ढलप्यांचं आणि तुकड्यांचं. आठ किलोचा ठोकळाच सुटून आला तर प्लास्टिकच्या पत्र्याकडून किती अपेक्षा करावी याचं उत्तर वरच्या आकड्यांतच आहे. म्हणून बटण दाबताना उभं राहायची जागा ठोकळ्याच्या समोर नसावी. तो ज्या पातळीत फिरतो त्या पातळीच्या बाहेर, हेडस्टॉकच्या बाजूला सरकून उभं राहावं, आणि घरातलं कोणी, विशेषतः पोरंटोरं, त्या पातळीत येणार नाहीत हे पाहावं. त्याआधी ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघावा. तो टूलरेस्टला लागतो का, टेलस्टॉक आवळला आहे का, स्पिंडलचं कुलूप उघडलं आहे का. वेगाचं बटण शून्यावर आणून ठेवावं, कारण काल कोणी तरी छोटी वाटी 2000 फेऱ्यांवर कातली असेल. ठोकळा हाताने हलवून पाहताना चकातून किंचितही टकटक ऐकू आली, तर काय झालं हे शोधून काढल्याशिवाय लेथ सुरू करू नये. आणि चकाची चावी अजून चकातच अडकलेली नाही ना, तेवढं बघून मग बटण दाबा.